डोंगरापलीकडचे माहेर



काही वर्षांपूर्वी आमच्या पॅरिशची कुटुंब नोंदवही नव्याने लिहून काढायचे काम माझ्याकडे आले होते. जुनी वही वाळवीने खाल्ली होती. फादरांनी नवी जाड वही दिली, रकाने आखून दिले आणि म्हणाले, "घरोघर जा. घाई करू नकोस." नाव, बाप्तिस्मा, लग्न, माहेर, तालुका, जिल्हा, राज्य असे ते रकाने होते. मी सुट्टीच्या दिवशी दुचाकी घेऊन बेळगावच्या पश्चिमेच्या गावांत फिरत असे.

महिपाळगडाच्या पूर्वेकडच्या पायथ्याजवळ एका गावात एक वयस्कर आजी भेटल्या. ओसरीवर बसून रताळी निवडत होत्या. मी विचारले, "माहेर कुठलं, आजी?"

"डोंगराच्या पलीकडलं."

त्यांनी गावाचे नाव सांगितले. ते चंदगड तालुक्यातले. मी मान डोलावली आणि राज्याच्या रकान्यात 'महाराष्ट्र' लिहू लागलो. आजींनी हात वर करून मला थांबवले.

"तसं कसं लिहितोस रे बाळा? मी लग्न होऊन आले तवा तिकडंही बेळगाव जिल्हाच होता. मी कुठं परराज्यातनं आले? माझं माहेरच परराज्यात गेलं."

त्यांचे लग्न १९५५ सालचे होते. पुढच्याच वर्षी राज्यांच्या सीमा नव्याने ठरल्या. आजी जागच्या हलल्या नाहीत, त्यांचे आईवडीलही हलले नाहीत, डोंगर तर नाहीच नाही. तरी मायलेकी दोन राज्यांच्या झाल्या. घरी येऊन मी त्या डोंगराचा इतिहास वाचायला लागलो. आज तो तुमच्यासमोर मांडतो आहे, कारण त्यात आपल्या सर्वांसाठी एक प्रश्न दडलेला आहे.

डोंगर आणि त्याची गावे

बेळगाव शहराच्या वायव्येला, साधारण वीस किलोमीटरवर, एक लांबट डोंगर दिसतो. पावसाळ्यात त्याच्या माथ्यावर ढग टेकलेले असतात. कोणी त्याला महिपाळगडाचा डोंगर म्हणतात, कोणी वैजनाथाचा. बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचावर आहे. या डोंगराचा माथा तीन हजार फुटांच्याही वर जातो. हा काही सह्याद्रीचा मुख्य कडा नव्हे. तो कडा आणखी पश्चिमेला, पारगड आणि तिलारीच्या बाजूला आहे. तिथून पाणी थेट कोकणात उतरते. आपला हा डोंगर त्या कड्यापासून पूर्वेकडे आलेला, पठारावर पुढे सरकून बसलेला.

वर गडाच्या आतच महिपाळगड नावाचे गाव आहे. लोक तिथे राहतात, शेती करतात, मुले शाळेत जातात. खाली देवरवाडीला वैजनाथ आणि आरोग्यभवानीचे जुने दगडी देऊळ आहे. आसपास सुंडी, शिनोळी, आणि पूर्वेकडे कुद्रेमानी, बेक्किनकेरे, उचगाव अशी गावे. तांबडी माती, भाताची खाचरे, माळावर काजू, नाचणी आणि रताळी. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणला आणि तो घाट चढून इथवर आला. रताळेही मूळचे अमेरिका खंडातले. आज आपले हिंदू शेजारी एकादशीला आणि महाशिवरात्रीला तेच रताळे उपवासाला खातात, आणि त्यांच्यासाठी ते पिकवणाऱ्यांत ख्रिस्ती शेतकरीही आहेत. परक्या जमिनीतून आलेली वस्तू किती सहज आपली होते, हे या माळावर पाहावे.

पाण्याचेही तसेच. डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस ताम्रपर्णीकडे जातो. ही नदी चंदगड तालुक्यातून कोवाडजवळून वाहते. हे कोवाड म्हणजे 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' लिहिणाऱ्या रणजित देसाईंचे गाव. दुसऱ्या अंगाचा पाऊस मार्कंडेय नदीकडे जातो. राकसकोपचा जलाशय याच मार्कंडेयवर आहे आणि बेळगाव शहर कित्येक वर्षे त्याचे पाणी पीत आले आहे. म्हणजे एकाच डोंगरावरचे दोन थेंब एकमेकांकडे पाठ करून दोन दिशांना निघतात. ते पुढे कुठे जातात, ते शेवटी सांगतो.

गडांचा काळ १८१८ साली संपत आला. त्या वर्षी इंग्रजांनी पेशव्यांकडून बेळगावचा किल्ला घेतला. पुढे १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा करून बेळगाव जिल्हा केला गेला. चंदगडचा मुलूख याच जिल्ह्यात होता. १८४४ मध्ये गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी उठाव केला. पिढ्यान्‌पिढ्या गड राखणाऱ्यांचे हक्क नव्या कारभाराने काढून घ्यायला सुरुवात केली होती. उठाव मोडला गेला आणि या पट्ट्यातल्या गडांचे महत्त्व संपले. गड राखणाऱ्यांची मुले शेतकरी झाली. पण शिपाईगिरी रक्तात राहिली. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या गावांतून मुले तिथे भरतीला उभी राहत आली आहेत. एकाच तुकडीत एक मुलगा चंदगडचा आणि एक बेळगाव तालुक्यातला असतो. तिथे त्यांना कोणी विचारत नाही की तुझे गाव रेषेच्या कोणत्या बाजूला आहे.

घाट चढून आलेली माणसे

या डोंगराभोवती ख्रिस्ती घरे कशी आली? बहुतेकांच्या घरी एकच उत्तर मिळते: "गोव्याहून आलो." अजरा, चंदगड, खानापूर, नंदगड या भागांत गोव्यातून आलेली कॅथलिक कुटुंबे आहेत. ती एकाच वर्षी आली नाहीत आणि एकाच कारणाने आली नाहीत. दुष्काळ होते, साथी होत्या, करांचे ओझे होते, १७३९ सालची मराठ्यांची गोव्यावरची स्वारी होती. १५६० पासून १८१२ पर्यंत गोव्यात इन्क्विझिशन होते, मधली काही वर्षे सोडली तर. त्याचीही धास्ती होती. सगळ्यात जास्त लोक दक्षिणेला कानडा किनाऱ्यावर गेले. काही घाट चढून इकडे आले.

या कारणांत एक कारण भाषेचे आहे, आणि ते आपण लक्षात ठेवायला हवे. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यातल्या राचोल येथे छापले गेले. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला, इथल्या माणसांत चाळीस वर्षे राहिला, आणि त्याने तारणाची कथा मराठी ओव्यांमध्ये लिहिली. नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या पुराणांची आठवण येत होती. त्यांना त्यांच्या ओळखीच्या चालीत प्रभूची कथा ऐकायला मिळाली. परक्या माणसाने आपल्या लोकांची भाषा मनापासून शिकावी, याहून मोठे प्रेम कोणते?

पण सत्तर वर्षेही झाली नाहीत तोच चित्र उलटले. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा हुकमाने सुटत नाही. घरात, शेतात, पाळण्यापाशी ती राहतेच. फर्मान जिथे पोहोचले नाही तिथे ती अधिक मोकळी राहिली. घाट चढून आलेल्यांनी पाठीवर भांडी आणली असतील, बी-बियाणे आणले असेल. पण जड न होणारे एक ओझे त्यांनी नक्की आणले, ते म्हणजे कोकणी प्रार्थना. इथे आल्यावर त्यांच्या मुलांनी शेजाऱ्यांची मराठी उचलली. बाजारात आणि कचेरीत कन्नडही कानावर पडली. आमच्या आजींच्या घरी तीन भाषा होत्या. तेर्स कोकणीत, भांडण मराठीत, आणि बाजारचा हिशेब अर्धा कन्नडमध्ये. त्यांना कधी प्रश्न पडला नाही की यातली आपली कोणती. तिन्ही त्यांच्याच होत्या.

१ नोव्हेंबर १९५६

स्वातंत्र्यानंतर राज्ये भाषेप्रमाणे करावीत अशी मागणी देशभर होती. फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे जाणार होता, पण चंदगड तालुका त्यातून वगळला, कारण तिथे मराठी बोलणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक होते. राज्य पुनर्रचना कायद्यात तशीच नोंद झाली: बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका सोडून. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो कायदा अमलात आला. चंदगड मुंबई राज्यात राहिले आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडले गेले. बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेली.

ही रेषा डोंगराच्या माथ्यावरून जात नाही. ती जुनी तालुक्याची हद्द होती आणि पायथ्याच्या शेतांमधून, ओढ्यांच्या कडेने जात होती. महसुलाच्या सोयीसाठी आखलेली एक ओळ रातोरात दोन राज्यांची सीमा झाली. त्यामुळे आज महिपाळगडावर उभे राहिले तर पाय महाराष्ट्रात असतात आणि समोर पसरलेले सगळे कर्नाटक असते. पुढे १९६० मध्ये मुंबई राज्याचे महाराष्ट्र झाले आणि १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले. आजी हसत म्हणायच्या, "माझ्या माहेराचं नाव बदललं, सासरचं पण बदललं. मी तेवढी तीच राहिले."

पण हा सगळा हसण्याचा विषय नाही. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी येथे निदर्शने करणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि माणसे मारली गेली. सीमाभागातला मराठी माणूस तो दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतो. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी आलेल्या अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले होते. बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे असे म्हटले होते. महाराष्ट्राने ते मानले नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. १ नोव्हेंबर हा दिवस आमच्या शहरात कोणी राज्योत्सव म्हणून साजरा करतो, तर कोणी काळा दिन म्हणून पाळतो. एकाच रस्त्यावर एका घरी पिवळा-लाल झेंडा आणि शेजारच्या घरी काळी फीत, असे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दोन्ही घरे चांगल्या माणसांची आहेत.

न्यायालयात काय व्हावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच सांगायचे आहे की रेषा ओढणारे दूर होते आणि ती पार करायचे काम मात्र रोज इथल्या माणसांच्या वाट्याला आले.

रेषेवरचे रोजचे जगणे

एका भावाचे घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात, अशी कुटुंबे या पट्ट्यात आहेत. एका कचेरीत सातबारा मराठीत मिळतो, दुसऱ्या कचेरीत उतारा कन्नडमध्ये. म्हातारा शेतकरी आपल्याच जमिनीचा कागद वाचून घ्यायला नातवाला बोलावतो. चंदगडहून जिल्ह्याचे ठिकाण कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. शिनोळीहून बेळगाव पंधरा किलोमीटर. त्यामुळे बाळंतपण असो, लग्नाचे कापड असो की रताळ्याची पोती असोत, डोंगराकडचे लोक अजूनही बेळगावलाच येतात. रेषेने सरकार बदलले, बाजाराची वाट नाही बदलली.

माणसांनी आपापल्या परीने मार्गही काढले. उचगाव, कुद्रेमानी, कडोली, येळ्ळूर अशा खेड्यांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात. शेतकरी सकाळी ग्रंथदिंडीत चालतात आणि दुपारी मांडवात बसून कविता ऐकतात. मोठमोठ्या शहरांना जे जमत नाही ते ही गावे करतात. भाषा जपायची तर तिच्यासाठी घाम गाळावा लागतो, हे त्यांना कळले आहे. आणि त्याच गावांतली मुले कन्नड शिकून नोकरीला लागतात, कन्नड मित्र करतात, कन्नड सुना घरी आणतात. हेही तितकेच खरे आहे.

रेषा फक्त सरकारच ओढते असे मात्र समजू नका. बेळगावहून कोल्हापूरकडे निघालात तर तवंदी घाट उतरल्यावर निपाणी लागते. तोही डोंगर, तोही सीमाभाग, आणि घाटात स्तवनिधी हे जैनांचे जुने क्षेत्र. त्या निपाणीत एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृत वर्गाची परिषद झाली होती. राज्यांची सीमा पडायला अजून तीस वर्षे होती; पण गावागावांत पाणवठ्याची, देवळाच्या पायरीची, वाड्याच्या उंबऱ्याची सीमा आधीपासून पक्की होती. ती कुठल्या दिल्लीवाल्याने आखलेली नव्हती. ती गावानेच आखली होती. आणि घाट चढून आलेल्या ख्रिस्ती घरांनीही जात मागे गोव्यात टाकून दिली नव्हती. लग्न जुळवताना ती हळूच बाहेर यायची. आजही येते. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवून काय करायचे?

आपल्या अंगणातली रेषा

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे येतो. १९ सप्टेंबर १९५३ रोजी बेळगाव धर्मप्रांताची स्थापना झाली. तोवर हा भाग गोव्याच्या महाधर्मप्रांतात होता. बिशप मायकल रॉड्रिग्ज हे पहिले बिशप. तीन वर्षांनी राज्यांची सीमा पडली; पण धर्मप्रांताच्या कामात दोन्ही राज्यांतली माणसे राहिली. वेदीला सीमा नव्हती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेसंबंधीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेतल्या मिस्सेचा मार्ग मोकळा झाला. केवढी मोठी कृपा! १६८४ मध्ये ज्यांच्या जिभेवर बंदी घातली होती त्यांना आता वेदीपाशी स्वतःच्या भाषेत बोलता येणार होते. लॅटिन होती तेव्हा एक गंमत होती: ती कोणालाच कळत नसे, म्हणून ती सगळ्यांची सारखीच होती. लोकभाषा आली आणि आपल्या भागात प्रश्न उभा राहिला: कोणत्या लोकांची भाषा? कोकणी की मराठी की कन्नड?

या प्रश्नावर किती बैठका झाल्या, किती जण रुसून दुसऱ्या चर्चला गेले, हे सीमाभागातल्या अनेक पॅरिशवाल्यांना ठाऊक असेल. मी इतरांविषयी बोलत नाही. मी माझी गोष्ट सांगतो. फेस्ताच्या नोव्हेनाचा कार्यक्रम लिहायचे काम एका वर्षी माझ्याकडे होते. नऊ दिवसांत तीन भाषा बसवायच्या होत्या. जागा पुरेना. मी हिशेब केला: तरुणांना कन्नड येते, बहुतेकांना मराठी येते, कोकणी बोलणारी उरलीत मूठभर म्हातारी माणसे. मी कोकणीचा दिवस काढून टाकला. एका ओळीवर काट मारली, एवढेच. कोणी तक्रार केली नाही. आजी त्या वर्षी नोव्हेनाला आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या आणि ओठ मिटून घरी गेल्या. मला ते दिसले होते. मी पाहून न पाहिल्यासारखे केले.

२०२१ मध्ये आजी गेल्या. तेव्हा साथीचे दिवस होते. राज्यांच्या सीमेवरच्या नाक्यांवर चाचणीचा अहवाल मागत होते, गाड्या परत पाठवत होते. नियम लोकांच्या भल्यासाठीच होता, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. आजींचे धाकटे भाऊ डोंगरापलीकडच्या माहेरच्या गावी राहत. तेही पंच्याहत्तरीचे. गाडी मिळेना, अहवाल मिळेना. ते सकाळी काठी घेऊन शेतवाटेने निघाले, लहानपणी बहिणीला भेटायला ज्या वाटेने यायचे त्याच वाटेने. पोहोचले तेव्हा माती देऊन झाली होती. आम्ही सातआठ जण तोंडाला मास्क लावून तिथे उभे होतो.

ते कोणावर रागावले नाहीत. पायातल्या चपला काढून ओल्या मातीपाशी उभे राहिले आणि त्यांनी कोकणीत प्रभूची प्रार्थना सुरू केली. पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला अर्धा सगळ्यांनी म्हणायचा, अशी रीत. त्यांनी आपला अर्धा म्हटला आणि थांबले. आमच्यातल्या फक्त एका बाईंना पुढचे येत होते. मी पॅरिशचा स्वयंसेवक, पंधरा वर्षे वेदीपाशी वावरणारा, आणि मला माझ्या आजीच्या भाषेतली ती प्रार्थना पुरी करता आली नाही. मी मराठीत पुटपुटलो. दुसऱ्या कोणी कन्नडमध्ये म्हटली. सगळे एकाच वेळी, आपापल्या भाषेत, अडखळत 'आमेन'पाशी पोहोचलो. 'आमेन' मात्र सगळ्यांचे एकच होते.

त्या दिवशी मला कळले की १९५६ ची रेषा मी ओढली नव्हती, पण नोव्हेनाच्या कागदावरची काट माझीच होती. नाक्यावरच्या शिपायाने म्हाताऱ्या भावाला एक दिवस अडवले असेल. मी त्याच्या बहिणीला तिच्याच चर्चमध्ये नऊ दिवस मुकी ठेवली.

याकोबाच्या विहिरीपाशी

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू शोमरोनात एका विहिरीपाशी थकून बसतो. तेही एक डोंगराचे गाव आहे. समोर गरिज्जीम डोंगर. यहुदी आणि शोमरोनी एकाच पूर्वजाची लेकरे, पण एकमेकांच्या भांड्यातले पाणी पीत नव्हते. पाणी भरायला आलेली बाई जुना वाद काढते: आमचे वाडवडील या डोंगरावर भजन करत आले, तुम्ही म्हणता यरुशलेमातच करावे. खरे कोणाचे? तो सीमाप्रश्नच होता म्हणा ना. येशू तो वाद खोटा ठरवत नाही, बाईला गप्पही करत नाही. पण देवाची भक्ती या डोंगरापुरती की त्या शहरापुरती, या प्रश्नापलीकडे तो तिला घेऊन जातो. आणि लक्षात घ्या, बोलण्याची सुरुवात तो कशाने करतो? तो तिच्याकडे पाणी मागतो. ज्याच्याशी व्यवहार नाही त्याच्याकडे आधी हात पुढे करतो.

मला वाटते, आपल्या डोंगरानेही आपल्याला हेच शिकवले आहे. रेषा पुसणे आपल्या हातात नाही, कदाचित आपल्या आयुष्यात ती पुसलीही जाणार नाही. पण पलीकडच्याकडे पाणी मागायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याची भाषा चार शब्द शिकायला कोणत्या आयोगाचा अहवाल लागत नाही. फादर स्टीफन्स समुद्रापलीकडून येऊन ते करू शकले, तर मला शेजारच्या बाकावरच्या म्हातारीसाठी ते का करता येऊ नये?

त्या वर्षानंतर आमच्या नोव्हेनाला कोकणीचा दिवस परत आला. मोठे काही केले नाही. ज्या बाईंना प्रार्थना येत होती त्यांच्याकडून आम्ही दहाबारा जण शिकलो; त्यांत दोन कन्नड घरांतल्या मुली आहेत आणि त्यांचे उच्चार माझ्याहून चांगले आहेत. कुटुंब नोंदवहीत आजींच्या नावापुढचा राज्याचा रकाना मी कोरा ठेवला होता, तो अजून कोराच आहे. माहेरच्या रकान्यात त्यांनी सांगितले तसे लिहिले आहे: डोंगरापलीकडे.

आता त्या दोन थेंबांचे सांगतो. डोंगराच्या एका अंगाचा थेंब ताम्रपर्णीतून घटप्रभेला मिळतो. दुसऱ्या अंगाचा थेंब मार्कंडेयतून बेळगावच्या बाजूने मोठा वळसा घालून पूर्वेकडे जातो, आणि गोकाकजवळ मार्कंडेय नदीही त्याच घटप्रभेला येऊन मिळते. माथ्यावर पाठ फिरवलेले पाणी खाली पुन्हा एक होते आणि कृष्णेच्या वाटेने समुद्राला जाते. ते करायला पाण्याला कष्ट पडत नाहीत, उतारच त्याला नेतो. आपल्याला मात्र थोडे वाकावे लागते.

या आठवड्यात चर्चमध्ये जाल तेव्हा शेवटच्या बाकावर कोण ओठ मिटून बसले आहे ते एकदा पाहा. मिस्सा झाल्यावर त्यांच्यापाशी जा. त्यांचे माहेर कुठले, एवढे विचारा आणि मग ऐका.

हे प्रभू, तू डोंगर घडवलेस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाऊस दिलास. आमच्या हातून ओढल्या गेलेल्या लहान रेषांची आम्हांला ओळख पटू दे. ज्यांना आम्ही नकळत गप्प केले त्यांचा आवाज आम्हांला पुन्हा ऐकू येऊ दे. सीमाभागातल्या प्रत्येक घराला, मराठी, कन्नड, कोकणी बोलणाऱ्या प्रत्येक लेकराला तुझी शांती दे. आमेन.